ड्रॉपडाउनमध्ये निवडलेला तालुका पीएचपीच्या व्हेरिएबलमध्ये येतच नाही

बियाणेघर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भोर तालुक्यात आमचा बायकांचा एक लहान गट देशी बियाणं राखतो. आंबेमोहर भात, नाचणी, खपली गहू, मालदांडी ज्वारी, वाल, असं घराघरांतून जमलेलं. मागेल त्याला पेरणीपुरतं बियाणं द्यायचं आणि सुगीनंतर त्याने दुप्पट परत करायचं, एवढाच व्यवहार. आतापर्यंत मागणी फोनवर यायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. पण आता पुणे, सातारा, रायगड, रत्नागिरी अशा चारही जिल्ह्यांतून फोन येतात आणि मे महिना लागला की फोन खाली ठेवायची सोय राहत नाही. म्हणून पीएचपी (वेबसाइटसाठी सर्व्हरवर चालणारी भाषा) शिकून मागणीचा एक फॉर्म केलाय. भाताचं बी रोहिणी निघायच्या आत शेतकऱ्याच्या हातात पडायला हवं, त्यामुळे घाई आहे.

नाव आणि मोबाइल हे लिहायचे रकाने आहेत, ते व्यवस्थित येतात. घोळ आहे तो तीन ड्रॉपडाउनमध्ये. इथे टॅग आणि फंक्शनं देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये ती नेहमीसारखी इंग्रजीत आहेत. रकान्यांची आणि व्हेरिएबलची नावं मात्र मी खरोखरच मराठीत ठेवली आहेत.

```
<फॉर्म मेथड="पोस्ट" ॲक्शन="मागणी.पीएचपी">
<सिलेक्ट आयडी="तालुका">
  <ऑप्शन डिसेबल्ड सिलेक्टेड>तालुका निवडा</ऑप्शन>
  <ऑप्टग्रुप लेबल="पुणे">
    <ऑप्शन>भोर</ऑप्शन>
    <ऑप्शन>खेड</ऑप्शन> ... 
  <ऑप्टग्रुप लेबल="रत्नागिरी">
    <ऑप्शन>खेड</ऑप्शन>
    <ऑप्शन>चिपळूण</ऑप्शन> ...
</सिलेक्ट>
<सिलेक्ट नेम="पेरणी हंगाम"> ... खरीप, रब्बी, उन्हाळी
<सिलेक्ट नेम="वाण" मल्टिपल> ... वाणांची यादी
```

आणि मागणी.पीएचपीमध्ये:

```
$तालुका = $_पोस्ट['तालुका'];
$हंगाम = $_पोस्ट['पेरणी हंगाम'];
$वाण = $_पोस्ट['वाण'];
```

पहिल्या दोन ओळींना 'वॉर्निंग: अनडिफाइंड ॲरे की' येतं. तिसरी ओळ चालते, पण शेतकऱ्याने आंबेमोहर, नाचणी आणि वाल असे तीन वाण निवडले तरी हातात फक्त वाल येतो. पानावर जावास्क्रिप्टने अलर्ट दाखवला तर निवडलेला तालुका बरोबर दिसतो. मग तो पीएचपीला का दिसत नाही? मुलाच्या कॉलेजच्या एका जुन्या पुस्तकात तर $_पोस्ट कुठेच नाही, थेट $तालुका वापरून मोकळे झालेत. तसं करून पाहिलं, तरी रिकामंच. पीएचपी ८.२ आहे, घरच्या कॉम्प्युटरवर झॅम्प (तिथेच सर्व्हर आणि पीएचपी चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय.

---

रात्रपाळी

सिलेक्टला नेम नाही, फक्त आयडी आहे. नेम="तालुका" लिहा, चालू होईल. वाणाच्या नेमपुढे रिकामा चौकटी कंस लावा: नेम="वाण[]".

---

सह्यकडा

ताई, रात्रपाळी म्हणतात ते बरोबरच आहे, पण तुमच्या फॉर्ममध्ये त्याहून मोठी एक अडचण दबा धरून बसली आहे. नेम दिल्यावर वॉर्निंग जाईल, सगळं नीट चाललंय असं वाटेल आणि नेमक्या तेव्हाच ती अडचण उपद्रव सुरू करील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा प्रश्न. ब्राउझर फॉर्म पाठवतो तेव्हा सर्व्हरकडे जातात त्या फक्त जोड्या: नेम आणि व्हॅल्यू. आयडी हा पानावरच्या वापरासाठी असतो, म्हणजे जावास्क्रिप्टने रकाना शोधायला, सीएसएसने रंगवायला, लेबल जोडायला. तुमचा अलर्ट पानावरच चालतो, म्हणून त्याला तालुका दिसतो. पीएचपी चालते दूर सर्व्हरवर, तिला पानावरचं काही दिसत नाही, पाठवलेल्या जोड्या तेवढ्या दिसतात. ज्या पिशवीवर चिठ्ठीच नाही ती ब्राउझर गाडीत चढवत नाही. नेम आणि आयडी दोन्ही ठेवा, दोघांची कामं वेगळी आहेत.

हंगामाचं कारण निराळं आहे. तिथे नेम आहे, पण त्यात मोकळी जागा आहे. नेममधली जागा आणि टिंब, दोन्हींच्या जागी पीएचपी अंडरस्कोर घालते. म्हणजे तुमची किंमत आली आहे, फक्त ती $_पोस्ट['पेरणी_हंगाम'] या नावाखाली बसली आहे. नावं मराठीत ठेवलीत याचा मला मनापासून आनंद झाला, ती चालतात आणि वाचणाऱ्याला कोड लगेच कळतो. फक्त शब्दांत जागा सोडू नका. आणि असं काही अडलं की अंदाज बांधण्याआधी मागणी.पीएचपीच्या अगदी वर प्रिंट_आर($_पोस्ट) लिहून पान उघडा. काय आलं, कोणत्या नावाने आलं, ते समोर दिसतं. काम झालं की ती ओळ काढायला विसरू नका, नाहीतर लोकांचे मोबाइल नंबर पानावर झळकतील.

वाणाचं तर असं आहे की ब्राउझर तिन्ही वाण पाठवतोच. एकाच नावाने तीन किमती आल्या की पीएचपी आधीची पुसून पुढची लिहिते, त्यामुळे शेवटचा वाल उरतो. नेमला चौकटी कंस लावला की तिन्हींची ॲरे, म्हणजे यादी, तयार होते. वाचताना मात्र कंस लिहायचा नाही, $_पोस्ट['वाण'] एवढंच. शेतकऱ्याने एकही वाण निवडला नाही तर 'वाण' ही की, म्हणजे ते नाव, मुळात येतच नाही, म्हणून $_पोस्ट['वाण'] ?? [] असं लिहा, म्हणजे रिकामी यादी धरली जाईल. ही दोन प्रश्नचिन्हं पीएचपी ७ पासून आहेत.

पुस्तकाबद्दल. एके काळी रजिस्टर ग्लोबल्स नावाची सोय होती. फॉर्ममधलं प्रत्येक नाव आपोआप व्हेरिएबल होऊन जायचं. त्यात धोका असा की पत्त्याच्या ओळीत काहीही लिहून कोणीही तुमच्या प्रोग्रॅममध्ये हवं ते व्हेरिएबल घुसवू शकायचा. २००२ मध्ये पीएचपी ४.२ आली तेव्हा ती सोय मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवली गेली आणि २०१२ च्या ५.४ मध्ये ती काढूनच टाकली. ते पुस्तक त्याआधीच्या सवयीचं आहे. त्यातलं लूप आणि फंक्शनचं प्रकरण वाचा, फॉर्मचं नको.

आता खरी गोष्ट. तुमच्या यादीत खेड दोनदा आहे.

एक पुणे जिल्ह्यातलं, राजगुरुनगरचं. दुसरं रत्नागिरीतलं, मुंबई-गोवा रस्त्यावरचं. तुम्ही ऑप्टग्रुपने जिल्हे वेगळे दाखवलेत, त्यामुळे फॉर्म भरणाऱ्याला दोन्ही खेड स्पष्ट दिसतात आणि तो आपलं बरोबर निवडतो. पण ऑप्टग्रुपचं लेबल सर्व्हरला जात नाही, कधीच नाही. ते डोळ्यांसाठी आहे. आणि ऑप्शनला व्हॅल्यू दिली नसेल तर त्याचा मजकूरच व्हॅल्यू म्हणून जातो. म्हणजे कोकणातला माणूस असो की भीमेकाठचा, तुमच्या हातात येणार ते नुसतं 'खेड'. आंबेमोहराचं बी रत्नागिरीला हवं असताना राजगुरुनगरला उतरलं तर ते परत येईपर्यंत रोहिणी निघून गेलेली असेल. या चुकीला कोणतीही वॉर्निंग येत नाही.

आणखी एक ठिकाण आहे जिथे हे दुखेल. मोबाइल नंबर चुकला म्हणून फॉर्म पुन्हा दाखवताना आपण आधी निवडलेला तालुका तसाच ठेवतो. व्हॅल्यू 'खेड' असेल त्या प्रत्येक ऑप्शनला तुमचा कोड सिलेक्टेड लावणार, म्हणजे दोघांनाही. एकाच निवडीच्या सिलेक्टमध्ये दोन ठिकाणी सिलेक्टेड असलं तर ब्राउझर शेवटचं धरतो. पुणे वर आणि रत्नागिरी खाली, त्यामुळे राजगुरुनगरच्या शेतकऱ्याने फक्त नंबर दुरुस्त करून बटण दाबलं तरी त्याचा तालुका गुपचूप कोकणात गेलेला असेल.

म्हणून दाखवायचं नाव आणि पाठवायची किंमत वेगळी ठेवा. प्रत्येक तालुक्याला एक क्रमांक द्या:

```
$तालुके = [
  १०३ => ['नाव' => 'भोर', 'जिल्हा' => 'पुणे'],
  १०७ => ['नाव' => 'खेड', 'जिल्हा' => 'पुणे'],
  ४०३ => ['नाव' => 'खेड', 'जिल्हा' => 'रत्नागिरी'],
  ...
];
```

पुण्याचे १४, साताऱ्याचे ११, रायगडचे १५ आणि रत्नागिरीचे ९ धरले तर ४९ ओळी होतात, एका संध्याकाळचं काम आहे. याच ॲरेवरून फॉरईच फिरवून ऑप्शन छापा, हाताने टाइप करू नका. म्हणजे यादी एकाच जागी राहील. आणि पलीकडे:

```
$क्रमांक = (इंट) ($_पोस्ट['तालुका'] ?? ०);
इफ (!इससेट($तालुके[$क्रमांक])) {
  $चुका[] = 'तालुका निवडा';
}
```

एक सांगणं महत्त्वाचं: मी इथे अंक देवनागरीत लिहिलेत, तुम्ही फाइलमध्ये ते इंग्रजी अंकांतच लिहा. देवनागरी '१०७' ला इंट (पूर्णांक) केलं तर पीएचपी शून्य देते. हाच प्रश्न मोबाइल नंबरालाही येईल, कारण मराठी कीबोर्ड लावलेला माणूस नंबर मराठी अंकांत लिहू शकतो. त्याला परत पाठवू नका, एसटीआरटीआर वापरून दहा अंक बदलून घ्या आणि मग तपासा.

क्रमांकाचा दुसरा फायदा नावं बदलतात तेव्हा कळतो. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. तुमच्या शेजारचा वेल्हे तालुका आता राजगड आहे. नाव साठवलं असेल तर निम्म्या नोंदी जुन्या नावाने आणि निम्म्या नव्या. क्रमांक साठवला असेल तर ॲरेतली एक ओळ बदलायची. शिवाय इंदापूर की इंदापुर, शिरूर की शिरुर, हे वाद डेटाबेसपर्यंत पोचतच नाहीत. वाणांनाही असेच क्रमांक द्या. गावोगाव एकाच वाणाला वेगळं नाव असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

---

कृष्णाकाठ

सह्यकडा दादांनी खेडचं नेमकं पकडलं. यादी पुढे राज्यभर वाढवलीत तर हे अजून दिसेल ताई: कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्येही, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्येही.

मी दोन-तीन गोष्टी वापरणाऱ्याच्या बाजूने सांगते, कारण मी दिवसभर लोकांना मोबाइलवर फॉर्म भरताना बघते.

'तालुका निवडा' हा तुमचा पहिला ऑप्शन डिसेबल्ड आहे. कोणी काहीच न निवडता बटण दाबलं तर डिसेबल्ड ऑप्शनची किंमत जात नाही, म्हणजे नेम दिल्यावरसुद्धा कधीकधी तीच 'अनडिफाइंड ॲरे की' दिसेल आणि तुम्हाला वाटेल दुरुस्ती झालीच नाही. त्याला रिकामी व्हॅल्यू द्या, डिसेबल्ड काढा आणि सिलेक्टला रिक्वायर्ड लावा. मग ब्राउझर तिथेच अडवेल. सर्व्हरवरची तपासणी तरीही हवी, रिक्वायर्ड कोणालाही काढून टाकता येतं.

वाणांसाठी मल्टिपल सिलेक्ट ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती. कॉम्प्युटरवर कंट्रोल दाबून धरायचं असतं हे निम्म्या लोकांना माहीत नसतं, दुसरं निवडलं की पहिलं सुटतं. त्याऐवजी चेकबॉक्स द्या, सगळ्यांचं नेम तेच, वाण[]. पीएचपीच्या बाजूला एक अक्षरही बदलावं लागत नाही, तीच ॲरे येते. आणि प्रत्येक चेकबॉक्स त्याच्या लेबलमध्ये गुंडाळा, म्हणजे शेतातून आलेल्या बाईला त्या बारक्या चौकोनावर बोट नेमकं टेकवावं लागणार नाही, नावावर टेकवलं तरी चालेल.

जिल्हा निवडला की खालचा तालुका बदलायचा, असं दोन ड्रॉपडाउनचं कोणी सुचवेल. त्यासाठी प्रत्येक वेळी सर्व्हरकडे जावं लागतं किंवा जावास्क्रिप्ट लिहावी लागते. तुमच्या ४९ तालुक्यांना त्याची गरज नाही. पोलादपूरच्या किंवा राजगडच्या खोऱ्यात नेटवर्क अर्धवट असतं, एकदा पान उघडलं की सगळं त्यातच असलेलं बरं.

मागणीची पोच दाखवताना नाव छापाल तिथे एचटीएमएलस्पेशलचार्स लावा, म्हणजे त्यात कोणी टॅग लिहिले तरी ते साधा मजकूर म्हणूनच दिसतील. माणसाने लिहिलेलं काहीही तसंच्या तसं पानावर छापू नये.

---

बियाणेघर

सगळ्यांचे आभार. नेम दिलं, अंडरस्कोर घातला, चेकबॉक्स केले. तिन्ही येतात.

खेडचं वाचून मी वही उघडली. दोन्ही खेडची माणसं आहेत आमच्याकडे. नाचणी नेणारे कोकणातले आणि मालदांडी नेणारे राजगुरुनगरकडचे. वहीत लिहिताना फोनवरचा आवाज ओळखीचा असायचा, म्हणून नुसतं खेड लिहिलं तरी कळायचं. फॉर्मला ते कळणार नाही, हे आता ध्यानात आलं.

दोन गोष्टी विचारते. डेटाबेसमध्ये क्रमांक साठवला तर पार्सलावर चिकटवायच्या चिठ्ठीवर नाव आणि जिल्हा कसे आणायचे? आणि वहीतल्या जुन्या नोंदी गटातल्या मुली याच फॉर्ममधून भरणार आहेत. जिथे नुसतं खेड आहे आणि माणूस आठवत नाही, तिथे त्यांनी काय निवडायचं?

---

सह्यकडा

चिठ्ठीचं सोपं आहे. तालुके ॲरेतच ठेवणार असाल तर $तालुके[$नोंद['तालुका_क्रमांक']]['नाव'] आणि तसंच ['जिल्हा']. यादी वाढणार असेल तर तालुक्यांचं वेगळं टेबल करा आणि मागणीच्या टेबलाशी जॉइन करा, म्हणजे क्रमांकावरून दोन्ही टेबलांच्या ओळी जोडा. चिठ्ठीवर नाव आणि जिल्हा नेहमी एका ओळीत छापा, 'खेड, जि. रत्नागिरी' असं. पार्सल चढवणारा माणूस तुमचा डेटाबेस बघत नाही.

नोंद घालताना पीडीओचं (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) प्रिपेअर वापरा, व्हेरिएबल वाक्यात जोडून क्वेरी बनवू नका. जुन्या पुस्तकात मायएसक्यूएल_क्वेरी दिसेल, ते फंक्शन पीएचपी ७ मध्येच गेलं. डेटाबेसशी जोडणी करताना कॅरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ लिहा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठेल आणि ती नंतर कशानेही परत येत नाहीत.

जुन्या खेडचं: मुलींना अंदाजाने काही निवडायला सांगू नका. अंदाजाने निवडलेलं आणि खात्रीने निवडलेलं डेटाबेसमध्ये सारखंच दिसतं. तालुका_क्रमांक हा रकाना नल (म्हणजे किंमतच नाही) चालेल असा करा आणि फक्त मुलींच्या पानावर, लॉगिनच्या आत, 'तालुका विचारायचा आहे' असा एक ऑप्शन ठेवा, व्हॅल्यू रिकामी. ती आली की नल साठवा. शून्य साठवू नका, शून्य क्रमांकाचा तालुका नाही. लोकांच्या फॉर्ममध्ये हा ऑप्शन येऊ देऊ नका.

आता एक सांभाळा. साधा इनर जॉइन (दोन्ही टेबलांत जुळणाऱ्या ओळीच देणारा) केलात तर या नल नोंदी चिठ्ठ्यांच्या यादीतून गळतील. चिठ्ठ्यांसाठी ते बरोबरच आहे, अर्धवट पत्त्याचं पार्सल निघायलाच नको. पण त्या माणसांची मागणी कोणाच्या नजरेला पडणार नाही. म्हणून दुसरी यादी वेगळी काढा, व्हेअर तालुका_क्रमांक इज नल, नाव आणि मोबाइलसकट. 'इज नल' असंच लिहा, बरोबरचं चिन्ह वापरून नल शोधलं तर एकही ओळ मिळत नाही. ती यादी छापून वहीशेजारी ठेवा आणि भातवाल्यांना आधी फोन करा. मालदांडी रब्बीची, तिला वेळ आहे.